पॉइंटवाले रज्जाक मिस्त्री

गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, अंबडच्या खैरुनबी शेख जालन्याला डायलिसिससाठी जात असताना वाटेत वारल्या. त्यांच्या नवऱ्याची पांढरी अ‍ॅम्बेसेडर गोलापांगरीच्या अलीकडे बंद पडली होती. तिथून त्यांना दुधाच्या टेम्पोतून जालन्याला नेण्यात आलं. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि मृत घोषित केलं. कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचं कारण आहे. गाडी कशामुळे बंद पडली, हे कुठल्या कागदावर असण्याचं कारण नाही. अंबडमध्ये पुढे बरेच दिवस चर्चा मात्र त्याचीच होती.

गाडी खैरुनबींचे नवरे, रज्जाक मिस्त्री, स्वतः चालवत होते. वय सत्तरीच्या पुढे. नेमकं त्यांनाही सांगता येत नसे. जालना रस्त्याला बसस्टँडच्या पुढे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ असं लिहिलेलं होतं, पण लोक त्यांना पॉइंटवाले म्हणत. मी त्या वेळी एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. माझं कार्यालय म्हणजे एक टेबल आणि एक पंखा, आणि ते त्याच ओळीत वरच्या मजल्यावर होतं. जिना उतरलं की मिस्त्रींचं दुकान. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मी पाहिलं आहे. जे पाहिलं नाही ते कोणी सांगितलं, हे त्या त्या जागी दिलं आहे.

जुन्या पेट्रोल गाड्यांच्या इंजिनाला डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा असतो. त्याच्या आत धातूचे दोन बारीक ठिपके एकमेकांसमोर बसवलेले असतात. इंजिन फिरतं तसे ते उघडतात आणि मिटतात, आणि दर उघडण्याला एक ठिणगी पडते. हे पॉइंट. त्यांच्यामधली फट वाढली तर गाडी वेग धरत नाही. कमी झाली तर पॉइंट जळतात आणि गाडी उभी राहते. फट मोजायला पोलादी पट्ट्या मिळतात. मिस्त्री पोस्टकार्डाचा तुकडा वापरत. तो पॉइंटमध्ये सरकवून ओढायचा. ओढताना हाताला जे लागेल त्यावरून बारका स्क्रू आवळायचा. एवढ्याच कामासाठी घनसावंगीपासून, परतूरपासून लोक त्यांच्याकडे जुन्या जीपा आणि लग्नाच्या गाड्या घेऊन येत.

अंगात कायम गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी. प्रत्येक कामानंतर ते हात आधी रॉकेलनं आणि मग साबणानं धूत, आणि धुतलेले हात कशाला न लावता उन्हात धरून वाळवत. त्या वेळात कोणी बोललं तर उत्तर देत नसत. गिऱ्हाईक तक्रार सांगत असताना ते त्याच्याकडे न बघता मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे बघत बसत. नवीन माणसाला हा अपमान वाटे. जुन्यांना माहीत होतं की ते ऐकत आहेत.

“मामू, पेट्रोल चढून न्हाई राह्यलं,” एक जीपवाला सांगत होता. “कार्बोरेटर साफ करून द्या.”

“कुनी सांगितलं कार्बोरेटर?”

“मलाच वाटून राह्यलं.”

“मंग तूच साफ कर,” मिस्त्री टेकडीकडे बघतच म्हणाले. “चोरी करंटनं केली आन हा कार्बोरेटरला ठान्यात घेऊन चालला.”

अशी त्यांची बोलण्याची तऱ्हा होती. लोक हसत, पण ज्याच्यावर हसत तो पुढच्या वेळी दुसरीकडे जाई. मिस्त्रींना त्याचं काही वाटत नसे. ते चांगले कारागीर होते, प्रेमळ नव्हते.

दुकानात एक रिवाज होता. काम करताना ज्याच्या हातून चूक झाली असेल त्यानं गाडीच्या मालकाला ती स्वतः सांगायची. मिस्त्री सांगणार नाहीत, आणि सांगेपर्यंत गाडी जाणार नाही. विष्णू त्यांच्याकडे आठ-दहा वर्षं होता. लग्न होऊन दोन मुलं झाली तरी तो त्यांच्याच हाताखाली काम करत होता. एकदा त्याच्याकडून एका डॉक्टरांच्या गाडीच्या कॉइलची वायर आवळायची राहिली. गाडी मंठ्याच्या रस्त्यावर बंद पडली आणि ओढत परत आली. मिस्त्रींनी वायर आवळली आणि विष्णूला दुकानाच्या मध्यभागी उभं केलं.

“सांग डॉक्टरसाहेबाला.”

“मिस्त्री, एवढे लोक हायेत.”

“गाडी बंद पडली तवाबी लोक असतील की.”

विष्णूनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या. मिस्त्री म्हणाले, जाऊ द्यायचं का नाही ते तुम्ही ठरवा, त्यानं सांगायचं होतं, त्यानं सांगितलं. महिनाभरात विष्णूनं काम सोडलं आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, स्वतःचं गॅरेज टाकलं. नव्या गाड्यांना जोडून बिघाड वाचणारं मशीन त्यानं आणलं. पहिल्या दिवशी तो पेढे घेऊन आला. मिस्त्रींनी पेढा खाल्ला आणि विचारलं, “ते मशीन सांगतं का, हात कुनाचा लागल्ता?”

“न्हाई सांगत,” विष्णू म्हणाला. “म्हनून तर घेतलं.”

त्यानंतर दोघं रोज दुपारी एकत्र चहा पीत. कधी अलीकडे, कधी पलीकडे.

पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याचा प्रकार अंबडला उशिरा आला. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटऐवजी एक छोटी बंद वडी बसते आणि मधल्या दांड्यावर चुंबकाचं कडं. काही उघडत नाही, काही मिटत नाही, त्यामुळे झिजतही नाही. एकदा बसवलं की वर्षानुवर्षं हात लावायचं काम नाही. विष्णूनं दोन-तीन लग्नाच्या गाड्यांना ते बसवलं होतं. मिस्त्री त्याला वडीच म्हणत.

पुण्याकडचे एक गृहस्थ जुनी गाडी घेऊन वेरूळ बघून परभणीकडे चालले होते. त्यांच्या गाडीला हीच वडी होती आणि ती अंबडच्या शिवारात मेली. लोकांनी गाडी ढकलत मिस्त्रींकडे आणली. मिस्त्रींनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं.

“ह्याला नाडीच न्हाई,” ते म्हणाले. “पॉइंट खराब झाला तर खोकतो, धापा टाकतो, दहा कोस आधी सांगतो. हे झोपेत मरतं. मी काय करू?”

त्या गृहस्थांनी वाद घातला नाही. फोन करून कुरिअरनं दुसरी वडी मागवली, लॉजवर मुक्काम केला, पार्सल आल्यावर मिस्त्रींच्या दुकानासमोर उभं राहून ती स्वतः बसवली आणि पहिल्या चावीला गाडी चालू करून निघून गेले. मिस्त्री सगळं बघत होते. गाडी गेल्यावर विष्णूला म्हणाले, “बराबर बसवली त्यानं.”

मिस्त्रींचा उजवा हात थरथरायला कधी लागला, ते सांगता येत नाही, कारण त्यांनी तो बराच काळ लपवला. चहा ते डाव्या हातानं बशीत ओतून पिऊ लागले. उभे असताना उजवा हात खिशात असे. बारीक कामं असलेल्या गाड्या ते “वेळ न्हाई” म्हणून परत पाठवू लागले, आणि आम्ही समजलो की म्हातारपणी जरा तिरसट झाले. खरी गोष्ट मला त्यांच्या घरी कळली. मी शेजारच्या गल्लीतल्या पाणीटंचाईच्या बातमीसाठी गेलो होतो. अंगणात अ‍ॅम्बेसेडरचं बॉनेट उघडं होतं. मिस्त्री डिस्ट्रिब्युटरवर वाकले होते, आणि खैरुनबी शेजारी उभ्या राहून दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरून होत्या.

“हिलू नको,” मिस्त्री म्हणत होते.

“मैं कहाँ हिल रही जी,” त्या म्हणाल्या. “तुमीच हिल रहे.”

मला पाहूनही त्यांनी मनगट सोडलं नाही. मिस्त्रींचा स्क्रू आवळून होईपर्यंत त्यांनी ते धरून ठेवलं, मग पदर सावरून चहा टाकायला आत गेल्या.

ही गाडी मिस्त्रींनी एका निवृत्त डॉक्टरांकडून जवळजवळ भंगार म्हणून घेतली होती आणि पुढची कित्येक वर्षं रविवारी रविवारी बसून उभी केली होती. त्या काळच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस खांब गाडीच्या पत्र्याला, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत बॉडीला, जोडलेला असे. नंतरच्या सगळ्या गाड्यांत मायनस बॉडीला आला. तालुक्यात ‘प्लस बॉडी’च्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या आणि सगळ्या मिस्त्रींच्या हाताखालून जात. गाडी चांगली चालत असे, पण तिचं खरं काम खैरुनबींच्या किडन्या गेल्यावर सुरू झालं.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, त्यांना जालन्याला डायलिसिसला न्यावं लागे. सुरुवातीला ते काळ्यापिवळ्या जीपनं जात. परतीच्या वाटेवर एकदा खैरुनबींना जीपमध्ये उलटी झाली. जीपवाल्यानं गाडी थांबवली, सगळ्यांदेखत बोलला, आणि भर उन्हात दोघांना खाली उतरवून पाणी आणायला लावलं. त्या दिवसानंतर मिस्त्रींनी बायकोला जीपमध्ये बसवलं नाही. अ‍ॅम्बेसेडरची मागची सीट सलग होती. येताना त्या तिच्यावर आडव्या पडून येत.

डायलिसिससाठी खैरुनबींच्या डाव्या हाताला ऑपरेशन करून नस तयार केली होती. त्या हातानं काही धरायचं नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे मनगट धरायला आता कोणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात अ‍ॅम्बेसेडर दोनदा वाटेत बंद पडली. दोन्ही वेळा फट मिटली होती. दोन्ही वेळा मिस्त्रींनी वाटेवरच्या कोणालातरी थांबवून स्क्रू आवळून घेतला आणि कसंबसं जालना गाठलं. दुसऱ्या खेपेला दवाखान्यात यांचा नंबर गेला होता आणि संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते विष्णूच्या गॅरेजमध्ये गेले. मी तिथेच होतो.

“ती वडी अ‍ॅम्बेसेडरला बसती का?”

विष्णूनं कप खाली ठेवला. “कोनाच्या?”

“माझ्या.”

विष्णूला थट्टेची संधी होती. त्यानं ती घेतली नाही. “बसती,” तो म्हणाला. “पन मिस्त्री, वडीला मायनस बॉडी लागतो. तुमची गाडी पूर्ण उलटी करावी लागंल.”

“करू उलटी.”

“मी बसवून देऊ का तुमाला रोज पॉइंट? येताजाता बघत जाईन. पाच मिनिटाचं काम हाय.”

“तू रस्त्यावर येनार का माझ्यामागं?” मिस्त्री म्हणाले. “तिला पोचायचं हाय, विष्णू. बाकी मला काई न्हाई.”

दोन दिवस काम चाललं. बॅटरी उलटी बसवली, कॉइलच्या वायरी अदलाबदल केल्या, डायनॅमोला करंटचा झटका देऊन त्याची दिशा फिरवली, डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या मीटरच्या वायरी पालटल्या. विष्णू हातानं करत होता आणि मिस्त्री स्टुलावर बसून एकेक पायरी सांगत होते. बॅटरीच्या वायरींच्या टोकांना मिस्त्रींनी पूर्वी स्वतः ओतलेल्या शिशाच्या चिमट्या होत्या. त्या कुठल्याही खांबावर बसत. विष्णू म्हणाला, बाजारातल्या लावू, त्या चुकीच्या खांबावर बसतच नाहीत. मिस्त्रींनी त्या लावू दिल्या नाहीत. बाजारातल्या वर्षात फुटतात, असं त्यांचं म्हणणं होतं. विष्णूनं मग प्लसच्या वायरीला लाल टेप गुंडाळली.

गाडी पहिल्या चावीला चालू झाली. मिस्त्रींनी बॉनेटवर डोकं टेकवून बराच वेळ आवाज ऐकला. खैरुनबी मागच्या सीटवर येऊन बसल्या होत्या.

“कैसी चल रही?” त्यांनी विचारलं.

“पता नहीं चलता,” मिस्त्री म्हणाले.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. गाडी एकदाही बंद पडली नाही. मिस्त्रींनी विष्णूचे आभार मानले नाहीत, पण गिऱ्हाइकांना त्याच्याकडे पाठवू लागले. “वडी बसवून घे,” ते सांगत. “माझ्या गाडीला हाय.”

त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी खैरुनबींना ताप होता, म्हणून डायलिसिस अर्ध्यावर थांबवलं होतं. मंगळवार चुकवू नका, असं नर्सनं दोनदा सांगितलं होतं. हे मला त्यांच्या परभणीच्या मुलीनं सांगितलं. ती त्या आठवड्यात माहेरी आलेली होती. सोमवारी रात्रभर खैरुनबींना श्वास लागत होता. मंगळवारी मिस्त्री नेहमीच्या वेळेच्या बरेच आधी निघाले. मुलगी बरोबर यायला तयार झाली होती. मागची सीट आईला आडवं व्हायला लागेल आणि पुढे बसलीस तर बोलत राहशील, असं म्हणून मिस्त्रींनी तिला घरी ठेवलं.

गोलापांगरीच्या अलीकडे, मोसंबीच्या एका बागेजवळ, गाडी बंद पडली. काळ्यापिवळ्या जीपचा एक चालक, भगवान, त्या वेळी जालन्याकडे चालला होता. मिस्त्रींनी पूर्वी त्याच्या जीपचं काम केलेलं होतं. त्यानं मला सांगितलं ते असं: बॉनेट उघडं होतं. मिस्त्री इंजिनावर वाकले होते. त्यानं जीप कडेला घेतली आणि विचारलं, “मामू, मामीला नेऊ का पुढं? जागा करतो मी.” मिस्त्रींनी मान वर केली नाही. “आत्ता चालू होईल,” ते म्हणाले. भगवाननं गाडीच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. खैरुनबी उठून बसलेल्या होत्या आणि समोरच्या सीटची पाठ धरून होत्या. त्या काहीतरी बोलल्या, पण काच वर होती. तो निघून गेला. त्याच्या जीपमध्ये माणसं होती.

दुधाचा टेम्पो त्यानंतर आला. टेम्पोवाल्याला मिस्त्रींनी रस्त्याच्या मध्ये उभं राहून अडवलं. टेम्पोवाला सांगतो की बाईंना उचलून ठेवताना त्यांनी डोळे उघडले नाहीत.

खैरुनबींचे धाकटे भाऊ जब्बार घनसावंगीला असतात. त्यांचं कापसाचं आणि उसाचं रान आहे. चौथ्या दिवशी ते दोन चुलतभावांना घेऊन विष्णूच्या गॅरेजवर गेले. ओरडले नाहीत. गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ह्याच्या चायनाच्या वडीनं माझी बहीण मारली. ज्याला मरायचं हाय त्यानं इथं गाडी लावा.” ते सलग तीन दिवस आले, बाकड्यावर बसले आणि येईल त्याला हेच सांगितलं. वडी बसवलेल्या दोन गाड्या त्या आठवड्यात परत आल्या. मालकांनी पॉइंट परत लावून मागितले. विष्णूनं लावून दिले.

जब्बारभाई माझ्याकडेही आले. बातमी छापा म्हणाले. मी म्हणालो, विष्णूची बाजू घ्यावी लागेल. विष्णूकडे गेलो. जळालेली वडी त्याच्या टेबलावर कागदात गुंडाळलेली होती.

“काय झालं होतं?” मी विचारलं.

“वडी गेली.”

“कशामुळे?”

“माझं काई म्हननं न्हाई,” तो म्हणाला. “लिहायचं ते लिहा.”

मग मिस्त्रींच्या घरी गेलो. ते दारातल्या बाजेवर बसले होते. माझा प्रश्न त्यांनी ऐकून घेतला. या वेळी ते माझ्याकडे बघत होते. “जब्बार तिथं जाऊन बसतो हे मला कुनी सांगितलंच न्हाई,” ते म्हणाले. मग म्हणाले, “उद्या या तिथंच.”

दुसऱ्या दिवशी मी आधीच जाऊन थांबलो. जब्बार आणि त्यांचे चुलतभाऊ बाकड्यावर होते. दोन गिऱ्हाइकं होती. मिस्त्री पायी आले. विष्णूनं स्टूल पुढे केला. ते बसले नाहीत, गॅरेजच्या मध्यभागी उभे राहिले.

“जब्बार, वडी चांगली होती,” ते म्हणाले. “बॅटरीची चिमटी ढिली झालती, म्हनून गाडी बंद पडली. पांढरं चढल्तं. म्या दोनी वायरी काढल्या, घासल्या, परत लावल्या. उलट्या लावल्या. प्लस बॉडीला लावली. जिंदगीभर तशीच लावली. चावी मारली आन वडी जळाली.”

“तुमी ह्याला वाचवून राह्यले, भाईजान.”

“न्हाई. मीटरचा काटा म्या पाह्यला. उलट्या बाजूला गेल्ता. मंग वायरी सुलट्या केल्या. तवर वडी गेल्ती.”

“लाल टेप होती ना?” एक चुलतभाऊ म्हणाला. “ती दिसली न्हाई?”

“दिसली,” मिस्त्री म्हणाले. “हातानं पाह्यली न्हाई.”

विष्णू टेबलाकडे तोंड करून उभा होता. मिस्त्री पुढे बोलू लागले. आवाज तोच होता.

“आजून आइक. जीपवाला थांबल्ता. तिनं म्हन्लं, जीप में चलो. दोनदा म्हन्लं. म्या म्हन्लं, चालू होईल. जुने पॉइंट डिक्कीत होते. ते बसवत होतो. इस्क्रू पडला. दुसरा घेतला, तोबी पडला.”

जब्बार उठून उभे राहिले होते. “किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“इस्क्रू बसत नव्हता.”

“मी वेळ विचारला, भाईजान.”

“ती हाक मारून राह्यली होती,” मिस्त्री म्हणाले. “मंग हाक बंद झाली. तवा म्या रस्त्यावर गेलो.”

जब्बारनी बाकड्यावरचा गमछा उचलला आणि ते निघाले. दारात थांबून विष्णूला म्हणाले, “तुला माहीत होतं?” चुलतभाऊ त्यांच्यामागे गेले. गिऱ्हाइकांपैकी एकानं मिस्त्रींना पाणी आणून दिलं. त्यांनी पेला डाव्या हातानं घेतला, पण प्याले नाहीत.

विष्णूला माहीत होतं. गाडी ओढून आणली त्याच दिवशी त्यानं बॅटरी पाहिली होती. प्लसच्या खांबावर बॉडीच्या वायरीच्या चिमटीचे ताजे ओरखडे होते. हे त्यानं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं आणि ओरखडे दाखवलेही. मी बातमी पाठवली नाही. कार्यालयानंही ती मागितली नाही. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला जब्बार अंबडला आले नाहीत. घनसावंगीला त्यांनी वेगळी फातेहा ठेवली. मुलगी मिस्त्रींना परभणीला न्यायला आली होती. ते गेले नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात विष्णूनं अ‍ॅम्बेसेडरमध्ये पॉइंट परत बसवले. मिस्त्रींना त्यानं निरोप पाठवला होता. ते आले आणि स्टुलावर बसून राहिले. फट विष्णूनंच लावली, पोलादी पट्टीनं मोजून. मिस्त्रींनी एकदाही सूचना केली नाही. काम संपल्यावर विष्णूनं बॅटरी जागेवर ठेवली आणि वायरींची टोकं हातात घेऊन थांबला.

“मिस्त्री, तुमी लावता का?”

“तू लाव.”

“मी सांगतो कोनती कुठं.”

“तू लाव, बाबा,” मिस्त्री म्हणाले.

विष्णूनं वायरी लावल्या आणि गाडी चालू केली. आवाज जरा जड होता, मग स्थिर झाला. तो उतरला आणि त्यानं पुढचं दार उघडून धरलं. मिस्त्री उठले. पुढच्या दारापाशी गेले नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं आणि आत बसले. आडवं पडायला होती ती सगळी सीट सोडून ते खिडकीशी बसले, एका हातानं समोरच्या सीटची पाठ धरून. विष्णू थोडा वेळ दार धरून उभा राहिला. मग स्टिअरिंगवर बसला. मी गॅरेजच्या दारातून पाहत होतो. गाडी बसस्टँडकडे वळली तेव्हा मिस्त्री समोर बघत होते.

विष्णू सांगतो की घरी पोचल्यावर मिस्त्री उतरले, दार लावलं आणि घरात गेले. दुकानाला त्याच्या आदल्या आठवड्यापासून कुलूप आहे. अ‍ॅम्बेसेडर त्यांच्या अंगणात उभी आहे. चावी विष्णूकडे आहे.